हुमणीची हिरवी बुरशी : ओडेसाच्या गव्हापासून आपल्या उसाच्या सरीपर्यंत



हुमणीसाठी मेटारायझियमची पुडी आपल्यापैकी पुष्कळांनी आणली असेल. पुडीवर 'मेटारायझियम ॲनिसोप्ली' असे लांबलचक नाव छापलेले असते. त्यातला 'ॲनिसोप्ली' हा शब्द एका भुंगेऱ्याच्या नावावरून आला आहे. हा भुंगेरा आपल्याकडचा नव्हे, काळ्या समुद्राकाठच्या गव्हावरचा. त्याची हकिकत आज सांगण्याचे कारण असे, की "साहेब, बुरशी टाकली पण गुण आला नाही" ही तक्रार गावोगावच्या बैठकांत हमखास निघते. तिचे उत्तर बऱ्याच अंशी या जुन्या हकिकतीत आहे.

किडीला बुरशीने रोग होतो, ही गोष्ट प्रथम रेशीमवाल्यांना कळली. रेशमाच्या अळ्या मरून कडक व्हायच्या आणि वर चुना भुरभुरल्यासारखा पांढरा थर यायचा. इटलीतल्या लोदी गावच्या आगोस्तिनो बास्सी यांनी वर्षानुवर्षे खपून १८३५ साली दाखवून दिले, की हा हवेचा किंवा चाऱ्याचा दोष नसून बुरशीचा रोग आहे आणि तो एका अळीचा दुसरीला लागतो. 'बिव्हेरिया बॅसियाना' या बुरशीच्या नावात त्यांचेच नाव आहे. बास्सींच्या दृष्टीने ही बुरशी वैरी होती. पण जी बुरशी कामाच्या अळीला मारते, ती नासधूस करणाऱ्या अळीला का मारणार नाही, हा विचार पुढे निघालाच.

हा विचार शेतात उतरवण्याचा पहिला मोठा प्रयत्न ओडेसाला झाला. ओडेसा आज युक्रेनमध्ये आहे, तेव्हा रशियन साम्राज्यात होते. १८७८ च्या सुमारास तिथल्या गव्हावर ॲनिसोप्लिया नावाच्या भुंगेऱ्याने धुमाकूळ घातला होता. भुंगेरे ओंबीतला कोवळा दाणा खायचे आणि त्यांच्या अळ्या जमिनीत मुळ्या कुरतडायच्या. म्हणजे आपल्या हुमणीचीच भावकी म्हणा ना! ओडेसाच्या विद्यापीठात इल्या मेचनिकॉफ हे प्राणिशास्त्राचे प्राध्यापक होते. रोगाने मेलेल्या अळ्या त्यांनी तपासल्या, तेव्हा काहींच्या अंगावर आधी पांढरी आणि मग गडद हिरवी बुरशी आलेली दिसली. १८७९ साली त्यांनी तिचे वर्णन छापले. नुसते वर्णन करून ते थांबले नाहीत. बिअर करताना धान्याचा जो लगदा होतो, त्यावर ही बुरशी वाढवता येते हे त्यांनी दाखवले. महागडे काही नको, भट्टीवरचा लगदा पुरे! पुढे हे गृहस्थ दुसऱ्या कामाकडे वळले आणि शरीरातल्या पांढऱ्या पेशी रोगजंतूंना कशा गिळतात या शोधासाठी १९०८ च्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी झाले. शेतीच्या दृष्टीने मला त्यांचा तो लगदाच जास्त मोलाचा वाटतो.

त्यांचे अर्धे राहिलेले काम क्रासिलश्चिक नावाच्या शास्त्रज्ञाने उचलले. १८८४ साली स्मेला गावी त्यांनी बुरशी तयार करण्याचा छोटा कारखानाच काढला. चार महिन्यांत ५५ किलो बीजाणू निघाले. साखरेच्या बीटवर पडणाऱ्या सोंडकिड्यासाठी ते शेतात वापरले. या सोंडकिड्याची अळीही मुळावरच जगते. दहा-पंधरा दिवसांत निम्म्यापासून ऐंशी टक्क्यांपर्यंत किडे मेल्याची नोंद आहे. बुरशीने आपले काम चोख केले होते. पण चार महिन्यांत ५५ किलो, आणि समोर केवढा तो बीटचा पसारा! पहिली अडचण ही : जिवंत औषध पुरेसे तयार करायचे कसे?

दुसरी अडचण अमेरिकेत कळली. कॅन्सस विद्यापीठातल्या स्नो या प्राध्यापकांनी १८८८ पासून, धान्यपिकांचा रस शोषणाऱ्या एका ढेकणासारख्या किडीसाठी, बुरशी लागलेले किडे शेतकऱ्यांना वाटले. ही कीड मुळावरची नव्हे, पण धडा आपल्या कामाचा आहे. एखाद्या वर्षी वाहवा व्हायची, एखाद्या वर्षी बोंब. शेवटी १९११ साली तपासणीअंती असे निघाले, की ती बुरशी त्या शेतांत आधीपासूनच होती. हवेत ओल असली की ती काम करायची, कोरड पडली की वाटलेली बुरशीही गप्प बसायची. म्हणजे सगळा खेळ ओलीचा.

अमेरिकेतच १९१६ साली न्यू जर्सीत जपानी भुंगेरा सापडला. त्याच्या अळ्या गवताच्या मुळ्या फस्त करत. १९३३ साली काही अळ्यांचे रक्त दुधासारखे झालेले दिसले. हा एका जिवाणूचा रोग होता. १९३९ पासून त्याची भुकटी सरकारी मोहिमेतून अनेक राज्यांत पसरण्यात आली. गुण आला, पण हा जिवाणू अळीच्या अंगाबाहेर नीट तयारच होईना. माणसे लावून अळ्या खणायच्या, एकेकीला सुई टोचायची, रोग पिकला की वाटून भुकटी करायची! असला उद्योग कितीसा पुरणार?

एवढ्यात डीडीटी आणि बीएचसी आले. पावडर टाकली की दुसऱ्या दिवशी कीड मेलेली. साहजिकच बुरशी मागे पडली. आपल्याकडेही बीएचसी पावडर आणि पुढे थिमेट, म्हणजे फोरेट, यांवर हुमणीचा बंदोबस्त चालला. बीएचसीवर १९९७ साली बंदी आली आणि फोरेटचा वापर २०२० अखेर बंद झाला. हुमणी मात्र आहे तिथेच आहे.

मधल्या काळात बुरशी पुरेशी तयार करण्याचा प्रश्न ब्राझीलच्या ऊसवाल्यांनी सोडवला, तोही भातावर! तांदूळ शिजवून, पिशव्यांत भरून, निर्जंतुक करून त्यावर मेटारायझियम वाढवायचे. साखर कारखान्यांनी स्वतःच्या प्रयोगशाळा काढल्या. तिथे ऊस जाळून तोडण्याची पद्धत कमी होत गेली, तसे पाचटाखाली मुळांवर फेस करून रस शोषणारे किडे वाढले. पण ती पाचटाखालची ओल बुरशीलाही मानवली. आज तिथे लाखो हेक्टरवर ही बुरशी वापरतात. पाचट पेटवणाऱ्या आपल्या मंडळींनी याचा जरा विचार करावा.

आता आपल्या सरीत या. हुमणीने बुरशी खावी लागत नाही. बीजाणू अंगाला चिकटतो, रुजतो, कातडीला भोक पाडून आत शिरतो आणि आतून अळी पोखरतो. याला आठवडा, कधी दोन-तीन आठवडेही लागतात. थिमेटच्या घाईने तिच्याकडे पाहू नका. अळी जितकी लहान तितका गुण लवकर. वळवाच्या पहिल्या चांगल्या पावसानंतर भुंगेरे संध्याकाळी निघून कडुलिंब, बाभळी, बोरीवर जातात, मादी जमिनीत अंडी घालते आणि जून-जुलैत बारीक अळ्या मुळाशी असतात. बुरशीची वेळ हीच. तक्रार मात्र येते गणपतीच्या सुमारास, जेव्हा पिवळा पडलेला ऊस नुसता ओढला तरी हातात येतो. तोवर अळी बोटाएवढी जाड झालेली असते, तिच्यावर बुरशीचा जोर कमीच चालतो.

झाडावरचे भुंगेरे गोळा करून रॉकेलच्या पाण्यात टाकणे चालूच ठेवावे. पण कृष्णा-वारणा काठच्या मळीच्या जमिनीत ल्युकोफोलिस जातीची हुमणी असते, तिचे भुंगेरे झाडावर फारसे येत नाहीत. तिथे मुळाशी घातलेल्या बुरशीवरच अधिक भिस्त ठेवावी लागते.

हेक्टरी साधारण २० किलो भुकटी चांगल्या कुजलेल्या, ओलसर शेणखतात कालवावी. ऊन उतरल्यावर सरीत मुळाजवळ घालून लगेच मातीआड करावी. उघडी पडली तर ऊन बीजाणू मारते. जमिनीत वाफसा हवा. पाऊस लांबला तर हलके पाणी द्यावे. बुरशीनाशकात किंवा रासायनिक खतात कालवू नये. पुडी घेताना तारीख पाहावी आणि आणलेली पुडी पत्र्याच्या तापत्या खोपीत ठेवू नये, सावलीत थंड जागी ठेवावी.

पुढे बुंध्याशी खणताना एखादी कडक झालेली, हिरवी भुकटी आलेली हुमणी सापडली, तर बांधावर फेकू नका. तिच्या अंगावर बीजाणूंचा मोठा साठा असतो. तिथेच मुळाशी टाकून वर माती ओढा.