अंजूर ते केडगाव : शास्त्र कोण वाचतं, कोणतं पान उघडतं

(भिवंडीत झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

आजचा विषय थोडा अडचणीचा आहे. ख्रिस्ती माणसांनी आपल्याच पवित्र शास्त्राचं सोयीचं वाचन कसं केलं, याबद्दल बोलायचं आहे. समोर बघतो तर सभागृहात ख्रिस्ती श्रोते फार नसावेत. जे समोर नाहीत त्यांच्या ढोंगाबद्दल बोलणं नेहमीच सोपं असतं, टाळ्याही चटकन मिळतात. पण ज्या गावानं १९७० पाहिलं, १९८४ पाहिलं, त्या गावात असं बोलू नये. म्हणून मी स्वतःला एक अट घालून घेतली आहे. साक्ष काढायची ती त्यांच्याच शास्त्रातून, त्यांच्याच कागदांतून, आणि जमेल तिथे ते शास्त्र मनापासून वाचणाऱ्या माणसांकडून.

सुरुवात घरापासून करू. अंजूरफाटा तुम्हाला मी सांगायला नको. गोदामं, कंटेनर, तास तास कोंडी. ज्या अंजूर गावाचं नाव त्या फाट्याला आहे, तिथले गंगाजी नाईक आणि त्यांचे भाऊ अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात एका खटपटीत पडले. पोर्तुगिजांना साष्टी-वसईतून घालवायचं. त्यासाठी पेशव्यांकडे खेटे, माणसं जमवणं, बातम्या काढणं. १७३७ च्या मार्चमध्ये ठाणं पडलं, १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई घेतली. ही सगळी हकिकत ‘साष्टीची बखर’ सांगते. बखर म्हटली की घराण्याचा अभिमान आला, देवाचे कौल आले. ते सांभाळून वाचावं लागतं. पण खाडीपलीकडच्या लोकांना नक्की कसला जाच होता, हे समजायला बखरच पाहिजे असं नाही. पोर्तुगिजांचे स्वतःचे कागद पुरेसे आहेत.

वसईचा मुलूख पोर्तुगिजांना १५३४ च्या तहानं गुजरातच्या बहादूरशहाकडून मिळाला. धर्माच्या बाबतीत तो गोव्याच्या आर्चबिशपखाली. १५६७ साली गोव्यात धर्मगुरूंची पहिली प्रांतिक परिषद भरली. तिचे ठराव शांतपणे वाचण्यासारखे आहेत. आरंभीच म्हटलंय की धाक दाखवून, जबरदस्ती करून कुणालाही बाप्तिस्मा देणं योग्य नाही, कारण स्वर्गीय पित्यानं ओढून घेतल्याशिवाय, माणसाच्या स्वखुशीशिवाय कुणी ख्रिस्ताकडे येत नाही. हा विचार योहानाच्या शुभवर्तमानातला, सहाव्या अध्यायातला. उत्तम. आणि मग त्याच परिषदेचे पुढचे ठराव काय मागतात? देवळं पाडावीत. हिंदूंचे पुरोहित हद्दीबाहेर घालवावेत. त्यांचे उघड विधी बंद करावेत. हिंदूंना ख्रिस्ती प्रवचनं ऐकायला भाग पाडावं.

म्हणजे वचन माहीत नव्हतं असं नाही. वचन लिहून, त्याला नमस्कार करून, पान उलटलं. ढोंग म्हणतात ते हेच. अज्ञानाला मी ढोंग म्हणणार नाही.

याला आधार म्हणून युरोपात फार जुनं एक वाचन तयार होतं. लूकच्या चौदाव्या अध्यायात मेजवानीचा दाखला आहे. बोलावलेले पाहुणे येत नाहीत, तेव्हा यजमान चाकराला सांगतो की रस्त्यांवर जा, कुंपणांकडे जा, मिळतील त्यांना आग्रहानं आत आण. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला संत ऑगस्टिननं, आधी सक्तीच्या विरोधात असूनही, आफ्रिकेतल्या फुटीर ख्रिस्त्यांविरुद्ध या आग्रहाचा अर्थ राजसत्तेची सक्ती असा लावला. जेवायला बोलावणाऱ्याच्या हातात दंडुका आला. आता मत्तयचा तेरावा अध्याय उघडा. तिथे गव्हात निदण उगवलेलं आहे. चाकर विचारतात, उपटून टाकू का? धनी म्हणतो, नको, निदण उपटताना गहूही उपटाल, कापणीपर्यंत दोन्ही वाढू द्या. शेतकऱ्याच्या पोराला समजेल इतकं सरळ आहे. पण इन्क्विझिशन चालवायची असेल तर हा दाखला गैरसोयीचा.

सगळ्यात जिव्हारी लागणारी गोष्ट अनाथ मुलांची. १५५९ चा राजाचा कायदा असा, की ज्या हिंदू मुलांना आईबाप आणि आजी-आजोबा नाहीत त्यांना चर्चच्या ताब्यात द्यावं आणि ख्रिस्ती करावं. पुढे अनाथ या शब्दाचा अर्थ सैल होत गेला. बाप मेला की मूल अनाथ, मग आई घरात जिवंत असली तरी. हे पाहणाऱ्या धर्मगुरूच्या पदाला नाव होतं ‘ख्रिस्त्यांचा पिता’. याकोबाच्या पत्रात खऱ्या धर्माची व्याख्या काय दिलीय? अनाथांची आणि विधवांची त्यांच्या संकटात काळजी घेणं. एकाच वाक्यात दोघं आहेत. यांनी अनाथ उचलला, आणि तोही विधवेच्या मांडीवरून. रयत मुलूख सोडून जाते, ही तक्रार पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी स्वतःच करून ठेवली आहे. ज्यांची मुलं धोक्यात होती ते दुसरं काय करणार?

आणि हा जाच हिंदूंपुरताच नव्हता, हे इथे आवर्जून सांगायला हवं. चार्ल्स डेलाँ नावाचा तरुण फ्रेंच वैद्य दमणला राहत होता. कॅथलिक, श्रद्धावान, पण बोलघेवडा. बाप्तिस्म्याच्या प्रकारांबद्दल एका धर्मगुरूशी त्यानं वाद घातला, शास्त्रातल्या वचनाचा दाखला दिला. दानपेट्यांवरच्या चित्रांचं चुंबन घ्यायला तो तयार नसे. १६७४ च्या सुरुवातीला त्याला पकडून गोव्याला नेताना वाटेत वसईच्या तुरुंगात बेड्या घालून ठेवलं होतं. पुढे गोव्यात दोन वर्षं कोठडी, मग पोर्तुगालमध्ये गलबतावरच्या सक्तमजुरीची शिक्षा. सुटल्यावर त्यानं सगळं लिहून काढलं, ते १६८७ ला छापलं गेलं. शास्त्र स्वतः वाचून बोलणारा माणूस, मग तो आपल्याच धर्माचा का असेना, या यंत्रणेला नको होता.

इथे खरा मुद्दा येतो. साष्टी-वसईतल्या साध्या ख्रिस्ती माणसाला हे सगळं पडताळून बघता येत होतं का? नाही. मिस्सा लॅटिनमध्ये, बायबल लॅटिनमध्ये. फादर स्टीफन्सनं १६१६ साली मराठीत ख्रिस्तपुराण दिलं, ते गोव्यातल्या साष्टीत, रायतूरला छापलं गेलं. (साष्टी दोन आहेत, एक आपली ठाण्याची, एक गोव्याची. घोटाळा नको.) नव्यानं ख्रिस्ती झालेल्यांची जुनी पुराणं काढून घेतली होती, त्यांना वाचायला काहीतरी हवं होतं. ओवी सुंदर आहे, मराठीचा अभिमान तर विचारूच नका. पण ती स्टीफन्सनं निवडून सांगितलेली कथा. वाचकाला उलटतपासणी करता येईल असं अख्खं पुस्तक ते नव्हे.

पुस्तक झाकून ठेवणं हा एक मार्ग. दुसरा मार्ग कात्रीचा. १८०७ साली लंडनमध्ये वेस्ट इंडीजमधल्या गुलामांसाठी एक बायबल छापलं गेलं. पूर्ण प्रोटेस्टंट बायबलात ११८९ अध्याय असतात, त्यातले या पुस्तकात साधारण २३२ उरले. इस्राएल लोक मिसरच्या गुलामगिरीतून बाहेर पडतात तो भाग गायब. ख्रिस्तात दास आणि स्वतंत्र असा भेद नाही, हे गलतीकरांच्या पत्रातलं वचन गायब. दासांनी धन्याच्या आज्ञेत राहावं, हे इफिसकरांच्या पत्रातलं मात्र जागच्या जागी. मनातल्या मनात निवड करणारे खूप असतात, इथे ती छापून बांधून दिली.

आता गंमत बघा. त्याच सुमारास श्रीरामपूरला विल्यम केरीच्या छापखान्यात मराठी शुभवर्तमानं तयार होत होती. १८१३ ला अमेरिकन मिशन मुंबईत आलं, १८२६ ला त्यांचा मराठी नवा करार निघाला, १८४७ ला संपूर्ण बायबल. अख्खं, कात्री न लावता. याचं श्रेय त्या मिशनऱ्यांना मोकळेपणानं द्यायला हवं, कारण हे पुस्तक त्यांच्यावरही उलटू शकत होतं.

आणि उलटण्यासारखं होतंच. मुंबईत, अहमदनगरात हे लोक जातिभेदाविरुद्ध बोलत, देवानं सगळी माणसं एका रक्ताची केली हे प्रेषितांच्या कृत्यांतलं वचन सांगत. आणि अमेरिकेत त्यांच्याच मूळ बोर्डात १८४५ साली वाद रंगला होता, की गुलाम बाळगणाऱ्याला मिशनच्या चर्चचा सभासद राहू द्यायचं का? बोर्डानं त्यांना बाहेर काढायला नकार दिला. चिडलेल्या गुलामगिरीविरोधकांनी १८४६ ला वेगळी संस्था काढली. एकाच संस्थेचं एक वचन नगरला चालत होतं आणि अमेरिकेत अडखळत होतं.

जोतिराव फुले पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. नगरला जाऊन मिस फॅरारची मुलींची शाळा बघून आले. १८७३ चं ‘गुलामगिरी’ त्यांनी अर्पण केलं ते अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना. कोणत्याही चर्चला नाही. मिशनऱ्यांचे उपकार ते नाकारत नाहीत, पण बाप्तिस्माही घेत नाहीत. शेवटच्या पुस्तकात त्यांनी असं कुटुंब कल्पिलं की एकाच घरात कुणी बौद्ध, कुणी ख्रिस्ती, कुणी मुसलमान, आणि सगळे प्रेमानं नांदतात. भिवंडीत ते पुस्तक जास्त वाचलं जावं असं मला वाटतं. असो.

बाप्तिस्मा घेऊनही मान ताठ ठेवली ती पंडिता रमाबाईंनी. संस्कृत धर्मग्रंथ त्यांनी मुळातून वाचले होते. सगळे ग्रंथ एकमेकांशी भांडतात, फक्त बायकांना आणि शूद्रांना खाली ठेवण्यात त्यांचं एकमत होतं, असा त्यांचा निष्कर्ष. म्हणजे निवडक वाचन ओळखायची तालीम घेऊनच त्या १८८३ ला इंग्लंडला गेल्या. तिथे योहानाच्या चौथ्या अध्यायातली शोमरोनी स्त्री त्यांच्या मनाला भिडली. पाच नवरे झालेली, परजातीची बाई. विहिरीवर येशू तिच्याकडे पाणी मागतो, तिच्याशी धर्माबद्दल बोलतो. शिष्यांना नवल वाटतं की हा बाईशी बोलतोय! सप्टेंबर १८८३ मध्ये वाँटेजला रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला.

पुढे त्या चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात होत्या. मिस डोरोथिया बील यांच्या मनात आलं, रमाबाईंनी तरुण पुरुषांनाही शिकवावं. लाहोर आणि मुंबईच्या बिशपांनी हरकत घेतली. एका स्त्रीनं पुरुषांना शिकवलं तर हिंदुस्थानात तिचं वजन जाईल म्हणे. ज्या बाईनं कलकत्त्याच्या पंडितांच्या सभा गाजवल्या तिला हे सांगणं! रमाबाईंनी पत्रांतून रोखठोक उत्तर दिलं. आपल्या देशात आपण पुरुषांच्या सभांत बोललो, तेव्हा कुणी बिथरलं नव्हतं. आणि एका पुरोहितवर्गाचं जोखड मोठ्या कष्टानं उतरवलं ते दुसऱ्याचं मानेवर घ्यायला नव्हे. सदसद्विवेक देवानं दिलाय, तो वापरायचा असतो.

त्या शोमरोनी बाईची गोष्ट पुढे वाचली तर ती गावात जाते, लोकांना सांगते आणि तिच्या शब्दावरून गावातले पुष्कळजण विश्वास ठेवतात. त्यांत पुरुष असणारच. बिशपांनी तो अध्याय शंभरदा वाचलेला असेल.

रमाबाईंवरही ढोंगाचा आरोप झाला, तो लपवून चालणार नाही. १८८९ ला काढलेलं शारदा सदन धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील असा शब्द होता. मुली त्यांच्या प्रार्थनेला बसू लागल्या तेव्हा ‘केसरी’नं झोड उठवली, आणि १८९३ ला रानडे, भांडारकर यांनी सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला. रमाबाईंचं म्हणणं, माझ्या प्रार्थनेचं दार मी बंद का करावं? दोन्ही बाजूंत तथ्य आहे. आश्रित मुलीसमोर उघडं दार हे अगदीच निरुपद्रवी नसतं, असं माझं मत. पण पुढे केडगावला त्यांनी जे केलं ते बघा. हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर केलं. संस्कृतप्रचुर भाषा नको, अडाणी बाईला कळेल अशी हवी, हा हट्ट. खिळे जुळवणं, छापणं, सगळं मुक्तिसदनातल्या बायकांनी. १९२२ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या या कामात होत्या. मधल्या माणसानं पान निवडून वाचून दाखवू नये, याची याहून पक्की तजवीज कोणती?

तरीही पुस्तक हातात असून एक गोष्ट सुटली नाही. जात. डॉ. आंबेडकरांनी १९३० च्या दशकात ख्रिस्ती धर्माचा धर्मांतराच्या अंगानं विचार केला, तेव्हा चर्चमध्येही जात पाळली जाते हा त्यांचा मोठा आक्षेप होता. कॅथलिक बिशपांच्या परिषदेनं डिसेंबर २०१६ मध्ये दलित सक्षमीकरणाचं धोरण जाहीर करताना चर्चमधला जातिभेद हे गंभीर सामाजिक पाप आहे असं लेखी मान्य केलं. उशिरा, पण लेखी.

यात एक पेच आहे, आणि तो आज न्यायालयापर्यंत गेलेला आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा आधी फक्त हिंदूंना होता, १९५६ ला शिखांना आणि १९९० ला बौद्धांना मिळाला. दलित ख्रिस्ती अजून बाहेर. विरोधक विचारतात, तुमच्या धर्मात जात नाही ना, मग सवलत कशाला? म्हणजे सवलत मागायची तर त्या माणसाला सरकारपुढे पुरावा द्यावा लागतो, की गलतीकरांच्या पत्रातलं ते वचन माझ्याच चर्चमध्ये पाळलं जात नाही. बाकावर मला वेगळं बसवलं जातं, दफनभूमीत वेगळं पुरलं जातं. रविवारी तो तेच वचन ऐकतो, आणि सोमवारी त्याच्याविरुद्ध साक्ष द्यायला अर्ज लिहितो.

वेळ झालेली दिसतेय, मागच्या मंडळींना शेवटची गाडी गाठायची असेल. प्रश्न असतील तर घेऊ.