'रिपेन्टन्स' आणि 'पेनन्स'

इंग्रजी शिकणारा विद्यार्थी 'रिपेन्टन्स' आणि 'पेनन्स' हे शब्द सहज एकमेकांच्या जागी वापरतो. त्यात त्याचा फारसा दोष नाही. दोन्ही शब्द एकाच लॅटिन मुळातून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आले. आपल्याकडे 'पश्चात्ताप' मनाचा आणि 'प्रायश्चित्त' कृतीचे, हा भेद शब्दच सांगतात. सोळाव्या शतकातील इंग्लंडमध्ये मात्र याच भेदावरून मोठा वाद पेटला.

शुभवर्तमानातील मूळ ग्रीक शब्द 'मेतानोइया', म्हणजे मनाचे परिवर्तन. लॅटिन बायबलमध्ये त्यासाठी जो शब्दप्रयोग आला, त्यात अंतःकरणातील खेद आणि त्याची कृतीने केलेली भरपाई, असे दोन्ही अर्थ सामावत होते. इंग्रजी भाषांतरकाराला मात्र निवड करणे भाग होते. विल्यम टिंडेलने १५२६ साली जर्मनीतील व्होर्म्स येथे छापलेल्या नव्या करारात 'रिपेन्ट' हे क्रियापद योजले. १५२९ साली सर थॉमस मोर यांनी त्याच्या भाषांतरावर कठोर टीका केली. त्यांचा मुख्य रोख 'चर्च', 'प्रीस्ट' आणि 'चॅरिटी' हे शब्द बदलण्यावर होता. तथापि 'पेनन्स' गाळल्याचाही आक्षेप त्यांनी घेतला. हा शब्द गेला की पापनिवेदन आणि धर्मगुरूंनी सांगितलेले प्रायश्चित्त यांचा शास्त्राधारच डळमळतो, ही यामागची खरी भीती. माझ्या मते ग्रीक शब्दार्थाच्या बाबतीत टिंडेलची बाजू अधिक भक्कम होती. परिणाम मात्र मोरांनी अचूक ओळखले होते. राजाला ख्रिस्तसभेचा प्रमुख मानण्यास नकार दिल्यामुळे १५३५ साली मोरांचा शिरच्छेद झाला. पुढच्याच वर्षी ब्रसेल्सजवळ टिंडेलला पाखंडी ठरवून देहदंड देण्यात आला.

१५८२ साली फ्रान्समधील रीम्स येथे इंग्रज कॅथलिक निर्वासितांनी लॅटिनवरून केलेला नवा करार छापला. त्यात ग्रेगरी मार्टिन यांनी 'डू पेनन्स' हाच प्रयोग ठेवला. (त्यावेळी ख्रिस्तपुराणकार फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज येशूसंघीय गोव्यात येऊन तीन वर्षे झाली होती.) पुढे कित्येक पिढ्या इंग्रजी बोलणारा कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट या एका शब्दावरून ओळखू येई.

१९६६ साली प्रसिद्ध झालेल्या 'जेरुसलेम बायबल' या कॅथलिक भाषांतराने 'रिपेन्ट' स्वीकारले. त्याच वर्षी पोप सहावे पॉल यांनी 'पेनितेमिनी' या आज्ञापत्रात 'मेतानोइया' हा ग्रीक शब्दच पुढे ठेवून आंतरिक परिवर्तनाला अग्रस्थान दिले, पण उपवास, प्रार्थना आणि दानधर्म त्यापासून तोडले नाहीत. आता राखेच्या बुधवारी कपाळावर राख लावताना म्हणावयाच्या इंग्रजीतील दोन पर्यायी वाक्यांपैकी एकाची सुरुवात 'रिपेन्ट' या शब्दाने होते, आणि साक्रामेंताच्या नावात 'पेनन्स' अजूनही आहे.