डाळीसाठी की स्वराज्यासाठी? : १९४६ चा नाविकांचा उठाव

गतवर्षीच्या स्मरणिकेत आपल्या ज्ञातीतील लष्करी पेशाच्या पुरुषांची यादी प्रसिद्ध झाली होती. तीत सुभेदार होते, हवालदार होते, युद्धात कामी आलेले दोघे वीरही होते. एक नाव मात्र तीत नव्हते. संपादक मंडळाकडे आम्ही त्याविषयी विचारणा केली, तेव्हा ‘त्या गृहस्थांना नोकरीतून काढून टाकले होते ना?’ असे उत्तर मिळाले. उत्तर खोटे नव्हते. तथापि काढून टाकले ते कशासाठी, याचा खुलासा व्हावा म्हणून हा लेखनप्रपंच. आम्ही इतिहासाचे पंडित नव्हे. जुन्या अकरावीची मॅट्रिक होऊन पस्तीस-छत्तीस वर्षे प्राथमिक शाळेत मुले शिकविली, एवढीच आमची पुंजी. वाचकांनी उणे-अधिक गोड मानून घ्यावे.

हे गृहस्थ आमच्या आळीत राहत. सारे गाव त्यांना ‘नेव्हीवाले काका’ म्हणे. नाव येथे देत नाही, कारण त्यांनाच ते आवडले नसते. १९४३ च्या सुमारास मॅट्रिक होऊन ते मुंबईस गेले आणि शाही हिंदी नौदलात भरती झाले. त्या काळच्या भरतीच्या जाहिराती शिकलेल्या मुलांना मोठ्या आकर्षक वाटत. तंत्रविद्या शिकावयास मिळेल, देश पाहावयास मिळतील, युद्ध संपल्यावर चांगली नोकरी मिळेल, अशी आशा त्यांतून उत्पन्न होई. युद्धापूर्वी, १९३९ साली, या नौदलात दोन हजार माणसेही नव्हती. युद्ध संपेतो ती संख्या पंचवीस हजारांच्या वर गेली. पूर्वी रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान आणि पंजाबी यांचा भरणा अधिक असे. आता बंगाली, मद्रासी, मराठी, सर्व प्रांतांची व सर्व जातींची मुले एका जहाजावर आली. सैन्यातील पलटणी जातवारीने बांधलेल्या होत्या, येथे तसे नव्हते. शिवाय ही मुले इंग्रजी वर्तमानपत्र वाचणारी होती. ज्या साहेबांच्या हाताखाली ती आली, त्यांना या गोष्टीचा अर्थ उमगला नाही, असे आम्हांस वाटते.

नाविकांची गाऱ्हाणी काय होती? प्रथम पोटाचे सांगतो. भातात खडे, डाळीत खडे, भाजी पाण्यासारखी. त्याच नौदलात गोऱ्या खलाशांचे जेवण निराळे, पगार निराळा, राहण्याची जागा निराळी. दोघे एकाच समुद्रावर, एकाच शत्रूशी लढले होते. दुसरे गाऱ्हाणे युद्धोत्तर काळाचे. हजारो मुलांना घरी पाठवावयाचे होते, परंतु सुटका मंदगतीने चाले आणि पुढे नोकरीचे काय, हे कोणी सांगेना. घरी जाताना अंगावरचे सरकारी कपडेही परत मागत. आणि तिसरे गाऱ्हाणे, जे आम्हांस सर्वांत मोठे वाटते, ते बोलण्याचे. युद्धात घाईने नेमलेल्या कित्येक अधिकाऱ्यांना माणसे हाताळण्याची रीत ठाऊक नव्हती. शिवी हीच त्यांची आज्ञा. हिंदी अधिकारी थोडे, आणि त्यांच्यावर वरून विश्वास नाही व खालूनही नाही. युद्धकाळातही या कारणांनी लहानमोठ्या कुरबुरी आणि अवज्ञेचे प्रसंग घडले होते. ते त्या त्या ठिकाणी दडपले गेले. कारणे तशीच राहिली.

आता कुलाब्याच्या ‘तलवार’ या नौदल ठाण्याकडे वळू. हे जहाज नव्हते, नाव जहाजाचे असले तरी ती जमिनीवरची संदेशविद्येची शाळा होती. सुमारे दीड हजार नाविक तेथे असत. १९४५ च्या १ डिसेंबरला नौदल दिनानिमित्त लोकांना ठाणे पाहण्यास मोकळीक होती. त्या सकाळी भिंतींवर इंग्रजी राज्याविरुद्ध घोषणा रंगविलेल्या आढळल्या. पुढे फेब्रुवारीत, सरसेनापती यावयाचे होते त्या वेळी, त्यांच्यासाठी उभारलेल्या व्यासपीठावरही तशाच घोषणा उमटल्या आणि बलाईचंद दत्त नावाचा तरुण टेलिग्राफिस्ट पकडला गेला. आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवर लाल किल्ल्यात खटले चालू झालेले होते, तेव्हा वारे कोठून येत होते हे सांगावयास नको.

ठाण्याचे प्रमुख कमांडर किंग हे नव्याने आलेले होते. ८ फेब्रुवारीस सकाळी ते एका बराकीत शिरले. बाहेरून जाणाऱ्या नौदलातील मुलींना उद्देशून पोरांनी हुल्लड केली, असे त्यांचे म्हणणे. ते अगदीच निराधार होते असे आम्ही म्हणणार नाही. वीस वर्षांची पोरे ती. परंतु किंगसाहेबांनी जी भाषा वापरली ती या पवित्र अंकात लिहिता येत नाही. आईवरून शिवी दिली, ‘हमालांची पोरे’ म्हटले, ‘जंगली’ म्हटले. मॅट्रिक झालेल्या, तार-यंत्र चालविणाऱ्या मुलांना!

यापुढचा भाग वाचकांनी सावकाश वाचावा. चौदा नाविकांनी नियमाप्रमाणे लेखी तक्रार केली. दंगा केला नाही, काम सोडले नाही. नौदलाच्या शिस्तीत तक्रारीचा जो मार्ग सांगितला आहे त्याच मार्गाने ते गेले. आणि ती तक्रार ऐकावयास बसले कोण? तर स्वतः किंगसाहेब. १६ तारखेस त्यांनी नाविकांना बोलावून बजावले की, वरिष्ठाविरुद्ध खोटी तक्रार करणे हा मोठा गुन्हा आहे, तेव्हा विचार करा. आम्ही शाळेत होतो, आम्हांस ठाऊक आहे. एखाद्या शिक्षकाविरुद्ध विद्यार्थ्याने मुख्याध्यापकाकडे अर्ज द्यावा आणि मुख्याध्यापकाने तो त्याच शिक्षकाच्या हाती द्यावा, असा प्रकार आम्ही एका शाळेत डोळ्यांनी पाहिला आहे. त्या मुलाने पुन्हा कधी अर्ज दिला नाही. पुढे त्याने काच फोडली, तेव्हा मात्र सर्वांचे लक्ष गेले.

सोमवार, १८ फेब्रुवारी. सकाळच्या न्याहारीस कोणी बसले नाही. ‘अन्न नाही तर काम नाही’ ही घोषणा झाली. वरिष्ठ अधिकारी रॅट्रे आले, किंग यांना दूरही करण्यात आले. परंतु आठ दिवसांपूर्वी जे पुरले असते ते आता पुरेना. दुसऱ्या दिवशी कॅसल बॅरॅक्स, फोर्ट बॅरॅक्स आणि बंदरातील जहाजे यांनी काम थांबविले. कॅसल बॅरॅक्स म्हणजे आजचे ‘आंग्रे’ ठाणे. आमचे काका तेथेच होते. मुंबईच्या रस्त्यांवर नाविकांच्या लॉऱ्या फिरल्या. त्यांवर काँग्रेसचा तिरंगा, मुस्लिम लीगचा हिरवा आणि कामगारांचा लाल, असे तीन झेंडे एकत्र होते. मध्यवर्ती संपसमितीचे अध्यक्ष एम. एस. खान आणि उपाध्यक्ष मदनसिंग, एक मुसलमान व एक शीख. फाळणीच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट आहे, हे ध्यानात ठेवावे.

समितीने मागण्यांची यादी केली ती पाहण्यासारखी आहे. चांगले अन्न, गोऱ्या नाविकांबरोबरीचा पगार, लवकर सुटका, किंग यांच्यावर कारवाई, अधिकाऱ्यांनी सभ्यपणे वागावे. आणि त्याच कागदावर, त्याच शाईने, आझाद हिंद सेनेच्या कैद्यांची मुक्तता आणि इंडोनेशियातून हिंदी सैन्य परत बोलावणे. पुष्कळ विद्वान वाद घालतात की, हा उठाव पोटाचा होता की राजकारणाचा. ज्याला डाळीत खडा सापडतो, त्याला शेजारच्या गोऱ्याच्या ताटात तो का सापडत नाही, हा प्रश्न पडतोच. आणि त्याचे उत्तर शोधू लागला की तो राजकारणात येऊन पोहोचतो. यादी करणाऱ्या पोरांना हे दोन विषय निराळे वाटले नव्हते.

२१ तारखेस कॅसल बॅरॅक्सला सैन्याचा वेढा होता. आतून बाहेर पडण्याचा यत्न झाला, गोळीबार सुरू झाला, आतल्यांनीही शस्त्रे घेतली आणि कित्येक तास चकमक चालली. काका त्या दिवसाविषयी एवढेच सांगत की, तहान फार लागली होती. नौदलप्रमुख व्हाइस ॲडमिरल गॉडफ्रे यांनी नभोवाणीवरून बजावले की, सारे नौदल नष्ट करावे लागले तरी बेहत्तर, सरकार नमणार नाही. विमाने बंदरावरून घिरट्या घालू लागली. जहाजांवरील शिधा संपत आला, तेव्हा गेटवेपाशी मुंबईकरांनी फळे, पाव, दूध, जे असेल ते आणून दिले. इराणी हॉटेलवाल्यांपासून रस्त्यावरच्या सामान्य माणसांपर्यंत सर्वांनी हात दिला. कराचीस ‘हिंदुस्थान’ या जहाजाने तोफा डागल्या आणि २२ रोजी त्यास शरण यावे लागले.

त्याच २२ तारखेस मुंबईत हरताळ पडला. गिरण्या बंद झाल्या. परळ, लालबाग, भेंडीबाजार या भागांत सैन्याने गोळ्या झाडल्या. दोन दिवसांत दोनशेंहून अधिक नागरिक मेले, हजाराच्या वर जखमी झाले. परळला कमल दोंदे नावाच्या कार्यकर्त्या भगिनी गोळीने गेल्या. मेलेल्यांपैकी बहुतेकांची नावे कोठेही कोरलेली नाहीत.

पुढाऱ्यांचे काय? अरुणा असफअली नाविकांच्या बाजूने उभ्या राहिल्या. सरदार पटेल यांनी मात्र शस्त्रे खाली ठेवा असा सल्ला दिला, आणि कोणावर सूड उगविला जाऊ नये म्हणून काँग्रेस प्रयत्न करील असे आश्वासन दिले. महात्माजींनाही ही रीत मान्य नव्हती. सरदारांचा विचार आम्ही समजू शकतो. स्वराज्य दाराशी आले होते, उद्याचे सैन्य आपलेच होणार होते, त्याला बेशिस्तीची सवय लागू नये हे खरेच. परंतु ज्या मुलांनी त्या शब्दावर विसंबून २३ च्या सकाळी काळी निशाणे चढविली, त्यांचे पुढे काय झाले, हेही सांगितले पाहिजे. शरण जाताना समितीने म्हटले होते की, आम्ही इंग्रजांना नव्हे, हिंदुस्थानाला शरण जात आहोत.

हिंदुस्थानाने काय केले? धरपकड झाली. कित्येकांना मुलुंडच्या छावणीत ठेवले. पावणेपाचशेच्या आसपास नाविकांना नोकरीतून काढले. स्वराज्य आल्यावर ना भारताच्या नौदलाने त्यांना परत घेतले, ना पाकिस्तानच्या.

गंमत अशी की, त्यांचे म्हणणे पुष्कळसे खरे होते, हे सरकारी चौकशीतच निघाले. पाटणा उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती फझल अली यांच्या अध्यक्षतेखाली आयोग बसला. त्यात मेहरचंद महाजन यांच्यासारखे न्यायाधीश होते आणि दोन गोरे सेनाधिकारीही होते. जानेवारी १९४७ मध्ये अहवाल प्रसिद्ध झाला. दीर्घकाळ न सोडविलेली सेवेतील गाऱ्हाणी हे असंतोषाचे मुख्य कारण आणि राजकीय वातावरणाने त्यात भर घातली, असा त्याचा आशय आहे. अन्न, पगार, सुटकेतील दिरंगाई, वर्णभेद आणि किंगसाहेबांची जीभ, सर्वांची नोंद त्यात आहे.

येथे एक तुलना केल्यावाचून राहवत नाही. त्याच वर्षी जानेवारीत कराचीजवळ ड्रिग रोड येथे ब्रिटिश हवाई दलाच्या गोऱ्या सैनिकांनीच, घरी लवकर पाठवा म्हणून, काम बंद ठेवले होते. हे लोण अनेक तळांवर गेले. त्यांच्यापैकी काहींवर खटले झाले, परंतु त्यांच्यावर तोफा कोणी रोखल्या नाहीत, त्यांचे दल बुडवू असेही कोणी नभोवाणीवरून सांगितले नाही. गाऱ्हाणे तेच, उत्तर निराळे.

काका १९४६ च्या मे महिन्यात बोटीने बंदरावर उतरले. अंगावर उसना सदरा होता, असे आमची आजी सांगे. बापाने दोन दिवस त्यांच्याशी भाषण केले नाही. सरकारी नोकरी नंतर त्यांना लागली नाही, ‘काढलेला’ म्हणून लग्नही उशिरा जमले. आयुष्यभर त्यांनी एका व्यापाऱ्याकडे हिशेब लिहिले, अक्षर मात्र मोत्यासारखे.

स्वातंत्र्यसैनिकांच्या निवृत्तिवेतनाची योजना १९७२ साली आली. नाविकांच्या उठावाचाही तीत समावेश झाला. १९८० मध्ये ती विस्तारली, तेव्हा आम्ही नुकतेच मास्तर झालो होतो. अर्जाचा नमुना घेऊन उत्साहाने त्यांच्याकडे गेलो. त्यांनी चष्मा लावून तो सारा वाचला आणि परत दिला. म्हणाले, “मास्तर, स्वातंत्र्यसैनिक म्हणजे तुरुंगात गेलेली मोठी माणसं. आम्ही डाळीसाठी बसलो होतो हो.” आम्ही पुष्कळ समजावले. मागण्यांच्या यादीत काय काय होते ते सांगितले. ते हसले मात्र. म्हणाले, “यादी खानसाहेबांनी केली. मला खडे लागत होते, एवढं मला ठाऊक.” अर्ज तसाच राहिला. त्यांच्या पत्नीने पुढे आम्हांस एकांतात सांगितले की, घरात भातात खडा निघाला तर ते ताटावरून उठत असत. रागाने नव्हे, नुसते बाहेर ओटीवर जाऊन बसत.

२००१ साली कुलाब्यास नाविक उठावाचे स्मारक झाले. नौदलाने आपल्या दोन टग-नौकांना मदनसिंग आणि बी. सी. दत्त यांची नावे दिली. काका तोवर हयात नव्हते. त्यांची ट्रंक मात्र त्यांच्या थोरल्या मुलाकडे आहे. तीत नोकरीतून काढल्याचा कागद, एक बिल्ला आणि पितळी बटणांची पुडी आहे. गेल्या दिवाळीत आम्ही तो कागद पाहिला. घड्यांवर फाटला आहे, पण अक्षर वाचता येते.

पुढील वर्षीच्या यादीत काकांचे नाव घ्यावे, अशी आम्ही कार्यकारी मंडळास लेखी विनंती केली आहे; कुटुंबाची संमती मिळाली आहे. आपल्या ज्ञातीत आणखीही अशी माणसे असतील. ज्यांच्या घरी १९४६ सालच्या नौदलाचे कागद, छायाचित्रे वा पत्रे असतील, त्यांनी मूळ कागद हातचे सोडू नयेत; छायाप्रत मात्र चैत्र संपण्यापूर्वी ज्ञातिगृहाच्या कार्यालयात चिटणिसांकडे पोहोचवावी.