सर्वानुमते

बीड जिल्ह्यातल्या कुठल्याही ग्रामपंचायतीचं इतिवृत्त उघडा. विषय, सूचक, अनुमोदक आणि शेवटी ‘ठराव सर्वानुमते मंजूर’. ‘बहुमताने’ हे हात मोजून ठरतं. ‘बिनविरोध’ला समोर कोणी उभं नसलं की पुरतं. ‘सर्वानुमते’चं म्हणणं त्याहून मोठं आहे: विचारलं सर्वांना आणि अनुमती दिली ती सर्वांनी.

या म्हणण्याचं मूळ जुन्या गोतसभेत सापडतं. वतनाचा किंवा शिवेचा तंटा आला की पाटील, कुळकर्णी, बलुतेदार एकत्र बसत आणि निवाड्याचा कागद करत. तो महजर. शब्द अरबी, आपल्या ‘हजर’चा सख्खा भाऊ. कागदावर बैठकीला असलेल्यांची नावं येत आणि त्यांच्या निशाण्या: कुणब्याचा नांगर, लोहाराचा हातोडा, न्हाव्याचा आरसा. सही न येणाऱ्याचीही संमती कागदावर दिसे. बायका मात्र या बैठकांना जवळपास नसतच.

१९५६मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९५८चा ग्रामपंचायत कायदा झाला आणि गावाने एकत्र बसायचं ते ग्रामसभेत. कोरम ठरला: १५ टक्के किंवा १०० मतदार, यांतली कमी असेल ती संख्या. सभा तहकूब झाली, तर पुढच्या बैठकीला तीही अट राहत नाही.

इथे बीडचं दुखणं सुरू होतं. दसरा-दिवाळीनंतर मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेली लाखो माणसं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. वस्तीवर उरतात म्हातारी माणसं आणि शाळकरी पोरं. २६ जानेवारीची ग्रामसभा भरते ती नेमकी तेव्हा. घरकुलाची यादी, रोजगार हमीची कामं, पाण्याची योजना, ज्यांना यांची सर्वांत जास्त गरज ते उसाच्या फडात असतात. ठरावाखाली ओळ मात्र तीच येते. मला ती खोटी वाटते, लिहिणाऱ्याचा हेतू कितीही चांगला असला तरी.

गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने हा शब्द शब्दशः पाळला आहे. सर्वांना पटेपर्यंत तिथे चर्चा थांबत नाही; मतदानाने विषय निकालात काढत नाहीत.

बीडच्या गावांना निदान एवढं करता येईल: घरकुलासारखे विषय कोयता गावात असताना, १ मे किंवा १५ ऑगस्टच्या सभेत घ्यावेत आणि ‘सर्वानुमते’च्या शेजारी हजर मतदारांचा आकडा लिहावा, बायकांचा वेगळा.