बोटाचं माप आणि आत्मांगुल



मागच्या उन्हाळ्यात माझ्या हातून एक चूक झाली. ती आधी सांगते, म्हणजे पुढचं सगळं का लिहिलं ते कळेल.

सासूबाईंची लग्नातली अंगठी सैल झाली होती. आतून दोरा गुंडाळून त्या ती वापरायच्या. एकदा कणीक मळताना अंगठी कणकेत गेली आणि थेट लाटण्याखाली सापडली. तेव्हा ठरलं, लहान करून घ्यायची. गुडघ्यांमुळे त्यांना दुकानाच्या पायऱ्या चढवत नाहीत, म्हणून माप मीच घरी घेतलं. शिवणाचा दोरा बोटाच्या मुळाशी घट्ट ओढला, गाठ मारली आणि तो सोनारांकडे दिला.

सोनारांनी दिलेल्या मापाची अंगठी चोख करून दिली. पण ती सांध्यावरून जाईना. संधिवातामुळे त्यांचे सांधे जाड झालेले. साबण लावून कशीबशी चढवली आणि रात्रीत बोट सुजून जांभळं पडलं. सकाळी अंगठी कापून काढावी लागली. आत सासऱ्यांच्या नावाचं पहिलं अक्षर कोरलेलं होतं. काप नेमका त्यावरूनच गेला.

सासूबाई रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "बोटाचं माप घेतलंस गं, सांध्याचं राहिलं."

त्यानंतर चातुर्मासात स्वाध्यायाला बसले, तेव्हा 'तिलोयपण्णत्ती'त मापांचं प्रकरण आलं. आचार्य यतिवृषभांचा हा प्राकृत ग्रंथ तिन्ही लोकांचं वर्णन करतो. एवढं मोठं विश्व मोजायचं, तर सुरुवात कुठून? बोटापासून! आठ जव म्हणजे एक अंगुल. पण अंगुल एकच नाही, तीन आहेत. देव, मनुष्य, तिर्यंच, नारकी यांच्या शरीराची उंची मोजायची ती उत्सेधांगुलाने. द्वीप, समुद्र, पर्वत मोजायचे ते प्रमाणांगुलाने. हे पाचशे उत्सेधांगुलांएवढं, म्हणजे या अवसर्पिणीतल्या पहिल्या चक्रवर्तीचं, भरताचं अंगुल. आणि तिसरं आत्मांगुल. ज्या काळात जी माणसं असतात, त्यांचं स्वतःचं बोट. झारी, कलश, आरसा, मुसळ, नांगर, गाडी, घर, नगर, बाग हे सगळं आत्मांगुलाने मोजायचं.

त्या यादीत अंगठीचं नाव नाही. पण मला वाचतानाच वाटलं, अंगठीइतकी आत्मांगुलाची वस्तू दुसरी कुठली? तिथे दुसऱ्याचं बोट चालत नाही, आणि आपलं वीस वर्षांपूर्वीचं बोटही चालत नाही. मी दोरा ओढला तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर सासूबाईंचा जुना, सडपातळ हात होता. आजचा नव्हता.

अंगठी बोटाच्या मापाने घडवायची, ही गोष्ट आपल्याकडे फार जुनी आहे. विशाखदत्ताच्या 'मुद्राराक्षस' नाटकाचं सगळं कारस्थान एका मापाबाहेरच्या अंगठीवर उभं आहे. नंदांचा मंत्री राक्षस आपलं कुटुंब पाटलिपुत्रात चंदनदास नावाच्या जवाहिऱ्याच्या घरी ठेवून गेलेला असतो. चाणक्याचा हेर त्या दाराशी येतो. पाच वर्षांचं मूल बाहेर धावतं, त्याला आत ओढायला एका बाईचा हात पुढे येतो आणि त्या धांदलीत तिच्या बोटातली अंगठी निसटते. का निसटते? हेर स्वतःच सांगतो, ती पुरुषाच्या बोटाच्या घेराच्या मापाने घडवलेली होती. घरंगळत ती त्याच्या पायाशी येते. तिच्यावर राक्षसाचं नाव असतं. त्या मुद्रेने चाणक्य खोटं पत्र मोहोरबंद करतो, आणि शेवटी राक्षसाला चंद्रगुप्ताचं मंत्रिपद घ्यावं लागतं. हा तोच चंद्रगुप्त, जो पुढे भद्रबाहूंबरोबर श्रवणबेळगोळला गेला असं आपली परंपरा सांगते. नाटक वाचताना मी मात्र त्या बाईच्या बाजूने होते. नवऱ्याची अंगठी हातात ठेवायची, तर तिनेही दोराच गुंडाळायला हवा होता!

आता हिशेबाकडे येऊ. अंगठी म्हणजे वर्तुळ, आणि वर्तुळाचा हिशेब आपल्या आचार्यांनी फार बारकाईने केला आहे. नेमिचंद्र आचार्यांच्या 'त्रिलोकसारा'त परिघाचे दोन नियम आहेत. स्थूल नियम म्हणजे व्यासाच्या तिप्पट. सूक्ष्म नियम म्हणजे व्यासाचा वर्ग करा, त्याला दहाने गुणा आणि वर्गमूळ काढा. एक लाख योजने व्यासाच्या जंबूद्वीपाचा परिघ ३,१६,२२७ योजनांहून थोडा जास्त सांगतात, तो याच सूक्ष्म नियमाने.

मी तो नियम अंगठीला लावून पाहिला. आतला व्यास १६.५ मिलिमीटर घेतला. शाळेतल्या ३.१४ ने परिघ येतो ५१.८. आचार्यांच्या सूक्ष्म नियमाने ५२.२. अर्धा मिलिमीटरही फरक नाही. स्थूल नियमाने मात्र ४९.५ येतो, आणि तेवढी अंगठी सांध्यावर अडते. स्थूल आणि सूक्ष्म वेगळं का ठेवायचं, हे एवढ्याशा कड्यावरूनही कळतं.

आपल्याकडचा अंगठीचा नंबर काढणं सोपं आहे. आतला परिघ मिलिमीटरमध्ये मोजायचा आणि ४० वजा करायचे. परिघ ५२ आला तर नंबर साधारण १२. म्हणजे एक नंबर म्हणजे परिघात एकच मिलिमीटर, व्यासात तर जेमतेम ०.३. अमेरिकेतल्या भाचीने ६ नंबर सांगितला तर घाबरू नका, तो आपला साधारण १२ आहे.

मी आता माप असं घेते. दोरा नाही, कारण तो ताणला जातो आणि मांसात रुततो. वहीच्या कागदाची चार-पाच मिलिमीटर रुंद पट्टी कापायची. बोटाच्या मुळाशी गुंडाळायची, टेकेल एवढीच, ओढायची नाही. जिथे टोक जुळतं तिथे बारीक पेनने खूण करायची आणि पट्टी सरळ करून पट्टीने मोजायची. मग तसंच सांध्यावर मोजायचं. सांध्याचं माप मोठं आलं तर दोन्हींच्या मधलं माप धरायचं, म्हणजे अंगठी थोड्या जोराने वर जाते आणि खाली गरगर फिरत नाही. सांधे फार जाड असतील तर सोनारांना दोन्ही आकडे द्यायचे आणि ठरवणं त्यांच्यावर सोडायचं.

माप संध्याकाळी घ्यावं. पहाटे गार पाण्याने आंघोळ केल्यावर बोट बारीक असतं. चुलीपुढून उठल्यावर किंवा धुणं झाल्यावर फुगलेलं असतं. दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी मोजून पाहावं. ज्या हाताच्या ज्या बोटात घालायची तेच बोट मोजावं, उजवं आणि डावं सारखं नसतं. रुंद पट्ट्याची अंगठी असेल तर अर्धा-एक नंबर मोठा सांगावा. दुसरी अंगठी नीट बसत असेल तर तिचा आतला व्यास मोजून ३.१४ ने गुणावं.

सासूबाईंची अंगठी पुन्हा जोडून आणली. या वेळी माप बरोबर होतं. अक्षर मात्र पूर्वीसारखं झालं नाही. त्यांनी ती दशलक्षणात आठ दिवस घातली. उत्तम आकिंचन्याच्या दिवशी मंदिरातून आल्यावर काढून माझ्या हातात ठेवली. परिग्रह-परिमाण व्रतात सोन्याची जी मर्यादा त्यांनी त्या दिवशी घेतली, तीत ही अंगठी बसत नव्हती. परिमाण म्हणजे तरी काय, मापच!

श्वेतांबर परंपरेत भरत चक्रवर्तीची गोष्ट आहे. आरसेमहालात त्याच्या बोटातली अंगठी गळून पडते, ते बोट ओकंबोकं दिसतं, मग तो एकेक दागिना उतरवत जातो आणि तिथेच त्याला केवलज्ञान होतं. आपल्या आदिपुराणात त्याला आरशात पांढरा केस दिसतो. ज्याच्या अंगुलाने समुद्र मोजायचे, त्या भरताचंही बोट अंगठीवाचून उघडंच.

सासूबाईंच्या बोटावर त्या अंगठीचा पांढरट वळ बरेच दिवस होता. दिवाळीपर्यंत तोही गेला. अंगठी माझ्याकडे आहे, अजून घातलेली नाही. माझं माप मी संध्याकाळी, तीन वेगवेगळ्या दिवशी, सांध्यासकट घेतलं आहे.