बैलाच्या कातड्याएवढी जमीन

जव्हार संस्थानाच्या उगमाची एक कथा इंग्रजी गॅझेटियरांनी नोंदवली आहे. तेव्हा इथे वारली राजा होता. एका कोळी सरदाराने त्याच्याकडे बैलाच्या कातड्याएवढीच जमीन मागितली. राजाने दिली. सरदाराने कातड्याच्या बारीक वाद्या कापल्या आणि त्यांनी सगळा मुलूख वेढून घेतला. पुढचा इतिहास थोडक्यात असा: कोळी सरदाराचं मुकणे घराणं, १३४३ मध्ये दिल्लीच्या सुलतानाची मान्यता, १९४८ मध्ये विलीनीकरण.

हीच युक्ती कार्थेजच्या डिडो राणीची. व्हर्जिलच्या महाकाव्यात तिचा उल्लेख आहे, आणि गॅझेटियरकारालाही तीच आठवली. मग ही कथा जव्हारच्या डोंगरात आली कशी? सोपारा बंदरात उतरून मालाबरोबर घाट चढली, असं म्हणता येईल. व्हर्जिल पढलेल्या साहेबाने गावकथेला तो साज चढवला, असंही म्हणता येईल. मला दोन्ही पटत नाहीत. मलायी ‘हिकायत हांग तुआ’मध्ये मलाक्क्याला पोर्तुगीज हेच करतात, जावाच्या दंतकथांत डच. तिथे कथा सांगणारे जमीन गमावलेले लोक आहेत. कार्थेजमध्ये जी राणीची हुशारी, ती या कथांत फिर्याद होते. जव्हारची कथा याच कुळातली, वारल्यांच्या तोंडून निघालेली, असं माझं ठाम मत आहे.

या कथेची जोडीदारीणही याच रानात आहे. वारली सांगतात, एका बिनलग्नाच्या आईला मूल झालं. गावाने तिला नावं ठेवली, तेव्हा ते जंगलात जाऊन वाघ झालं आणि गावातली जनावरं मारू लागलं. अखेर करार झाला: गावाने वाघोबाचं ठाणं मांडून वाघबारशीच्या सणाला मान द्यायचा, त्याने राखण करायची. जिवंत वाघाशी रान वाटून घेता येतं. मेलेल्या बैलाच्या वादीने ते फक्त मोजता आणि बळकावता येतं. दोन जनावरांत रानाशी वागण्याच्या दोन रीती सांगून झाल्या आहेत.

आज जव्हारशेजारच्या मोखाड्यातल्या मध्य वैतरणा धरणाचं पाणी मुंबईला जातं आणि उन्हाळ्यात तालुक्यातल्या पाड्यांवर टँकर फिरतात. मागणं तहानेपुरतं असतं, वेढा मात्र अख्ख्या खोऱ्याला पडतो. म्हणून आधी या बैलापाशी थांबावं. कुणी थोडंसंच मागायला आलं, तर त्याच्या हातातली सुरी पाहावी, हे त्या बैलाने आपल्याला केव्हाच सांगून ठेवलंय.