मजल, मुक्काम आणि विजेची मोटार

विजेच्या मोटारीची गोष्ट निघाली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "एकदा भरली की जाते किती?" प्रश्न रास्त आहे, आणि भोर-वेल्ह्याकडच्या माणसाने तर तो विचारलाच पाहिजे. पुण्याहून भोर पन्नास-पंचावन्न किलोमीटर. वेल्हेही जवळजवळ तितकेच. (वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने मार्च २०२४ मध्ये घेतला, बोलण्यात अजून वेल्हेच येते, तेव्हा इथेही तेच ठेवतो.) पण तालुक्याचे गाव आले म्हणजे प्रवास संपला असे या मुलखात होत नाही. पुढे खोरी डोंगरात शिरतात, वाड्या चढावर बसलेल्या असतात, आणि परत यायचे तर तोच रस्ता.

परंतु हा प्रश्न विजेच्या मोटारीबरोबर जन्माला आला, असे कोणी समजत असेल तर त्याला या खोऱ्यांचा थोडा इतिहास ऐकवला पाहिजे. इथून जे जे वाहन गेले, त्या प्रत्येकाला हाच प्रश्न विचारला गेला आहे, आणि त्याचे उत्तर वाहनापेक्षा वाटेने दिले आहे.

आधी शब्दच पाहा. पल्ला म्हणजे अंतर, हे आपण जाणतोच. पण जुन्या मापात १२० शेरांचाही एक पल्ला होत असे. ओझे आणि अंतर यांना आपल्या भाषेत एकच नाव असावे ही मोठी मौजेची गोष्ट आहे. व्युत्पत्ती काय असेल ती भाषापंडितांनी पाहावी. बैल हाकणाऱ्याला मात्र या दोन गोष्टी वेगळ्या नव्हत्याच. ओझे वाढले की वाट तोकडी होते, हे त्याला कोणी शिकवावे लागत नसे.

आता या मुलखाची मांडणी पाहा. आज ज्यांना आपण भोर आणि वेल्हे तालुके म्हणतो, ते शिवकाळात मावळे आणि खोरी म्हणून ओळखले जात. हिरडस मावळ बांदलांकडे, रोहिडखोरे जेध्यांकडे, गुंजण मावळ शिळिमकरांकडे, कानद खोरे मरळांकडे, मोसे खोरे पासलकरांकडे. एकेका नदीचे एकेक खोरे आणि त्याचा एकेक देशमुख. नकाशावर ही वाटणी विचित्र वाटते. पायी चालणाऱ्याला ती अगदी स्वाभाविक वाटेल. सकाळी निघून दिवस मावळायच्या आत जिथवर पोचता येते, तिथवर माणसाची ओळखदेख आणि तिथवरच देशमुखाचा वचक. माझ्या मते ही खोरी म्हणजे दिवसाच्या चालीने आखलेले मुलूखच होत.

कोकणातून घाटावर मीठ आणि तांदूळ यायचा, तो बैलांच्या पाठीवरून. वरंधा घाट, मढे घाट, शेवत्या घाट या त्या वाटा. मढे घाटाने तानाजी मालुसऱ्यांचे शव उमरठला नेले, अशी आख्यायिका आहे. लादलेला बैल दिवसाला पाच-सहा कोस चाले, घाटात त्याहून कमी. तेव्हा मजल ठरे ती पाण्यावरून, चाऱ्यावरून आणि घाटमाथा किती लांब आहे त्यावरून. घाटाच्या पायथ्याला मुक्काम, पहाटे चढण, माथ्यावर विसावा. "मजल दरमजल" हा शब्दप्रयोग आपण आज सहज वापरतो, पण त्यात सगळा हिशेब भरलेला आहे.

घाई असेल तेव्हा काय करीत? राजगड जवळजवळ पंचवीस वर्षे मराठ्यांची राजधानी होती, आणि राजधानीला बातमी वेळेवर लागते. एकच घोडा जिथे थकेल तिथे दुसरा ताजा तयार ठेवायचा, ही युक्ती जगभर जुनी आहे. आपल्याकडे अशा जागेला टप्पा म्हणत. टपाल हा शब्द त्याच कुळातला मानतात. घोड्याचा दम वाढवता येत नसेल तर घोडा बदलावा. हा टप्पा ध्यानात ठेवा, पुढे तो पुन्हा भेटणार आहे.

मग मोटार आली. भोर हे पंत सचिवांचे संस्थान. १९४८ साली ते मुंबई प्रांतात विलीन झाले. आरंभीच्या काळात पेट्रोलचे पंप नव्हते, पेट्रोल डब्यांतून विकले जाई. लांबच्या प्रवासाला निघायचे तर डबे मोटारीला बांधूनच निघावे लागे. त्यातून घाट चढताना रेडिएटरचे पाणी उकळे. झरा किंवा टाके दिसले की सर्व्हिस मोटारी तिथे थांबत, झाकण उघडत, वाफ जाऊ देत, पाणी घालत. वरंध्यात वाघजाईच्या देवळापाशी आजही लोक थांबतात. आज थांबतात ते चहा-भज्यांसाठी, पण घाटातल्या अशा थांब्यांना इंजिनाच्या तहानेचाही इतिहास आहे.

दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलवर नियंत्रण आले आणि कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या मोटारी रस्त्यावर दिसू लागल्या. आजच्या तरुण वाचकाला हे खरे वाटणार नाही. मोटारीच्या मागे एक उभे पिंप बसवलेले असे. त्यात लोणारी कोळसा अपुऱ्या हवेत धुमसत ठेवायचा, त्यातून निघणारा गॅस गाळून इंजिनाला द्यायचा. निघण्याआधी पंख्याने भट्टी फुलवायची, वाटेत राख काढायची, पुन्हा कोळसा भरायचा. ताकद इतकी घटे की चढावर उतारूंनी खाली उतरून चालावे, क्वचित हातभारही लावावा. विजेची मोटार अर्धा-पाऊण तास भरत ठेवावी लागते म्हणून जे कुरकुरतात, त्यांनी या पिंपाची जरूर आठवण ठेवावी! पण एक गोष्ट त्या गैरसोयीच्या वाहनात होती. त्याचे खाद्य इथल्याच रानात तयार होत असे. सह्याद्रीच्या रानांत कोळसा पाडणे हा कातकऱ्यांचा जुना व्यवसाय. बैलाला कडबा शेतातून मिळे, गॅसच्या मोटारीला कोळसा रानातून मिळे. पेट्रोल मात्र समुद्रापलीकडून यायचे, आणि ते जिथे संपेल तिथे आपली वाट संपायची. पुढे पंप वाढले म्हणून ही गोष्ट आपण विसरून गेलो, इतकेच.

विजेची मोटार या रांगेत अगदी शेवटी आली, असेही नाही. १९०० च्या सुमारास अमेरिकेत बनणाऱ्या मोटारींपैकी सुमारे एकतृतीयांश विजेवर चालत. न्यूयॉर्कमध्ये १८९७ पासून विजेच्या टॅक्सी होत्या. त्यांची जड बॅटरी ठाण्यावर आली की काढून दुसरी भरलेली बसवीत. हाच आपला टप्पा! घोड्याऐवजी बॅटरी बदलायची, एवढाच फरक. डेट्रॉइट इलेक्ट्रिक नावाची मोटार १९०७ पासून तीस-बत्तीस वर्षे विकली गेली, आणि एका भरतीत सुमारे १३० किलोमीटर जाते अशी तिची ख्याती होती. मग फोर्डची स्वस्त मोटार आली, १९१२ मध्ये हँडल न मारता इंजिन सुरू करण्याची सोय झाली, पेट्रोल स्वस्त झाले, आणि विजेची मोटार मागे पडली. शहराबाहेर वीजच नव्हती, तेव्हा खेड्यातल्या रस्त्यावर ती काय करणार?

आपल्याकडे २००१ मध्ये बंगळूरची रेवा आली. शिशाच्या बॅटरीवर ती ऐंशीएक किलोमीटर जाई; शहरात ठीक, मावळात निरुपयोगी. जानेवारी २०२० मध्ये टाटांची नेक्सॉन विजेवर आली. तिची बॅटरी ३०.२ युनिटांची. कागदावरचा पल्ला ३१२ किलोमीटर होता, रस्त्यावर तो सहसा दोनशेच्या आसपास भरे. त्यानंतर मोठ्या बॅटऱ्या आल्या आहेत, पण हिशेबाला हीच धरू.

पुण्याहून भोरमार्गे वरंधा उतरून महाड सुमारे १२० किलोमीटर. जाऊन-येऊन २४०. म्हणजे महाडला किंवा परतताना भोरला मुक्काम, निदान विसावा, घ्यावाच लागणार. आता घाटाचे पाहू. लोक घाटाला उगाच भितात. माणसांसह दीड टनाची मोटार ६०० मीटर उंच चढवायला निव्वळ अडीच युनिटे लागतात. तूट धरून तीन म्हणा. सपाटीवर एका युनिटात ही मोटार सहा-सात किलोमीटर जाते. तेव्हा कोकणातून घाटमाथा गाठायला अंतराखेरीज वीस किलोमीटरचा भुर्दंड पडला. उतरताना मोटारीचे यंत्र उलटे काम करते, चाके त्याला फिरवतात आणि वीज परत बॅटरीत जाते. गेलेल्यातला निम्मा भाग, कधी थोडा अधिक, हाती लागतो. पेट्रोलच्या गाडीला उतारावर ब्रेक तापण्यापलीकडे काही मिळत नाही. एक मात्र सांभाळावे: घाटमाथ्यावरच्या वाडीत बॅटरी काठोकाठ भरून उतरू नये. भरल्या घागरीत पाणी कुठे जाणार?

खरी खाणारी गोष्ट आहे ती वेग. पुणे-सातारा महामार्गावर ताशी शंभरने गेलात तर हवा कापण्यातच वीज जाते. तीच मोटार चेलाडीला वळून मार्गासनी, विंझरकडे चाळीस-पन्नासच्या चालीने चालली, तर पल्ला वाढतो. म्हणजे ज्या रस्त्यांचे आपण भय धरतो, ते तिला महामार्गापेक्षा मानवतात.

हे सगळे पाहुण्याचे झाले. राजगड-तोरणा पाहून संध्याकाळी पुण्याला परतणाऱ्याला पल्ल्याची चिंता म्हणजे थोडी हुरहुर, तोंडी लावायला. केळद, पासली, भट्टी इथे राहणाऱ्याचे तसे नाही. त्याच्याकडे मोटार असते ती कधी अपरात्री कोणाला कळा सुरू झाल्या, कोणाला पान लागले, तर त्याला खाली नेण्यासाठी. त्याने हिशेब कसा करावा? घरातल्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर तासाला सुमारे तीन युनिटे मिळतात. आठ तासांच्या रात्रीत चोवीस युनिटे, म्हणजे दीडशे किलोमीटर. वेल्ह्याहून पुण्याला जाऊन-येऊन एकशेदहा. एका रात्रीची भरती त्याला पुरून उरते!

तेव्हा त्याच्या मोटारीचा पल्ला बॅटरीत मोजून भागत नाही; गावठाणाच्या फीडरवर रात्रभर वीज टिकली का, हे मोजावे लागते. या बाजूला पाऊस कसा कोसळतो हे सांगायला नको. झाड तारांवर पडले, की वाडीचा दिवा कधी परत लागेल याचा भरवसा नसतो. शिवाय दाब कमी असला तर भरणे लांबते, आणि अर्थिंग बरोबर नसेल तर पुष्कळ मोटारी वीज घ्यायलाच नाकारतात. इथली जमीन खडकाळ. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, मग त्यात पाणी ओतावे लागते. खड्ड्यात मीठ आणि कोळसा भरण्याची रीत आहे. कोकणातून बैलावर येणारे मीठ आणि रानातला कोळसा, दोघेही पुन्हा वाहनाच्या कामी आले म्हणायचे!

कंदिलात तेल भरायचे ते दिवेलागणीच्या आधी, अंधार पडल्यावर नव्हे, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना ठाऊक असते. आगोटीपासून नवरात्रापर्यंत बॅटरी निम्म्याच्या खाली जाऊ देऊ नये. वरंधा दरडींमुळे पावसाळ्यात वारंवार बंद होतो, तेव्हा महाडची वाट त्या दिवसांत गृहीत धरूच नये.

सार्वजनिक वाहनांकडेही थोडे पाहा. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला (आजच्या अहिल्यानगरला) गेली. बरोबर चौऱ्याहत्तर वर्षांनी, १ जून २०२२ रोजी, एसटीची विजेवरची पहिली शिवाई त्याच मार्गावर धावली. मार्ग सपाटीचा आहे. त्याच वर्षी मे महिन्यात सिंहगडावर विजेच्या बस सुरू झाल्या आणि त्याच महिन्यात थांबल्या. गडाच्या वाटेवर गाडी न्यायची तर आधी वाट आणि ठाणे नीट करावे लागते, हे सांगायला हे एक उदाहरण पुरे आहे.

राहता राहिली वीज. ती या डोंगरांत पिकत नाही असे नाही. शेजारच्या मुळशी खोऱ्यातली गावे टाटांच्या धरणात बुडाली. १९२१ मध्ये सुरू झालेला तिथला सत्याग्रह सेनापती बापटांनी लढवला, तरी धरण झाले. १९२७ पासून ते पाणी भिऱ्याला उतरून वीज बनू लागले, आणि वीज तारांवरून मुंबईला गेली. भोरजवळ वेळवंडी नदीवर भाटघरचे पहिले धरण १८९२ चे. १९२० च्या दशकात त्याच्या जागी मोठे धरण झाले. आज त्या जलाशयाला येसाजी कंकांचे नाव आहे. धरणाच्या पायथ्याशी १६ मेगावॉटचे वीजघर आहे. ते पूर्ण चालले, तर एका तासात सोळा हजार युनिटे होतात. आपण हिशेबाला धरलेल्या पाचशेहून अधिक मोटारी काठोकाठ भरतील इतकी. अर्थात ती वीज राज्याच्या जाळ्यात जाते, भोरच्या बाजारपेठेत थेट येत नाही. आणि जनित्र फिरते ते खाली निरेच्या कालव्यांना पाणी सुटते तेव्हा.